जनुकीय डेटा संशोधनासाठी देताना सहभागींची ओळख कशी जपावी

रुग्णालयात किंवा प्रयोगशाळेत जमा झालेला जनुकीय डेटा दुसऱ्या संशोधकांना देण्याची वेळ आली की बहुतेक ठिकाणी पहिली कृती ठरलेली असते. एक्सेलची फाइल उघडायची, नाव, पत्ता आणि मोबाइल क्रमांक हे तीन रकाने काढून टाकायचे, उरलेल्या ओळींना ‘पी००१’, ‘पी००२’ असे क्रमांक द्यायचे आणि फाइल ईमेलला जोडून पाठवायची. रक्तदाबाच्या नोंदींसाठी एवढे कदाचित चालून जाईल. जीनोमसाठी, म्हणजे एका माणसाच्या संपूर्ण जनुकीय मजकुरासाठी, ते चालत नाही, कारण काढून टाकलेल्या नावापेक्षा नेमकी ओळख उरलेल्या फाइलमध्येच असते. एका माणसाचा जीनोम संदर्भ-जीनोमशी, म्हणजे तुलनेसाठी ठरवलेल्या नमुना-जीनोमशी, ताडून पाहिला तर साधारण ४० ते ५० लाख ठिकाणी फरक सापडतात, आणि एकमेकांपासून स्वतंत्र अशी ३० ते ८० स्थाने नीट निवडली तर तेवढ्यांवरून एक माणूस इतर सर्वांपासून वेगळा काढता येतो, हे २००४ सालीच दाखवून दिले गेले आहे. शिवाय हा मजकूर एकट्याचा नसतो. सख्ख्या भावंडांत तो सरासरीने निम्मा सारखा असतो, त्यामुळे सही एकाने केली तरी उघड्यावर अनेक जण येऊ शकतात.

म्हणून पुढचे सर्व मार्गदर्शन एका गृहीतकावर उभे आहे: जनुकीय डेटा पूर्णपणे निनावी करता येत नाही, तो कोणाला, किती आणि कोठे बसून पाहू द्यायचा एवढेच आपल्या हातात असते. पीएच.डी.चे विद्यार्थी, रुग्णालयांत संशोधन करणारे डॉक्टर आणि प्रयोगशाळेत डेटाची व्यवस्था पाहणारे यांना डोळ्यांपुढे ठेवून हे लिहिले आहे.

ओळख फुटते कशी

धोक्याचे स्वरूप समजल्याशिवाय उपायांची निवड करता येत नाही, म्हणून तीन-चार घटना माहीत असाव्यात. २००८ मध्ये एका शोधनिबंधाने दाखवले की शेकडो लोकांच्या डीएनएची केवळ एकत्रित वारंवारिता (कोणता फरक गटात किती प्रमाणात आढळतो) प्रसिद्ध केली असली, तरी ज्याचा जीनोम आपल्या हाती आहे असा विशिष्ट माणूस त्या गटात होता की नाही हे काढता येते. गट एखाद्या आजाराच्या रुग्णांचा असेल तर ‘होता’ एवढे कळणे म्हणजेच निदान कळणे होय. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने त्याच वर्षी असे एकत्रित आकडे सार्वजनिक संकेतस्थळावरून काढून घेतले. २०१८ मध्ये बहुतेक अभ्यासांसाठी ते पुन्हा खुले केले, संवेदनशील गटांचे मात्र बंदच ठेवले. २०१३ मध्ये दुसऱ्या एका गटाने, आडनावासारख्याच वडिलांकडून मुलाकडे जाणाऱ्या वाय गुणसूत्रावरील पुनरावृत्त तुकडे खुल्या वंशावळीच्या संकेतस्थळांशी जुळवून आडनावे काढली, त्यांना वय आणि राज्य यांची जोड दिली आणि ‘निनावी’ म्हणून प्रसिद्ध असलेल्या सुमारे ५० लोकांची ओळख पटवली. तिसरे उदाहरण डीएनएची रचना शोधणाऱ्यांपैकी एक असलेल्या जेम्स वॉटसन यांचे. २००७ मध्ये त्यांचा जीनोम प्रसिद्ध झाला तेव्हा अल्झायमरच्या धोक्याशी निगडित असलेल्या एपीओई या जनुकाची माहिती त्यांच्या इच्छेनुसार वगळली होती. परंतु शेजारचे फरक पिढ्यानपिढ्या एकत्रच वारशात येत असल्याने वगळलेला भाग आजूबाजूच्या भागावरून ताडता येतो, हे पुढच्याच वर्षी इतर संशोधकांनी दाखवले.

आपल्याकडे वंशावळीची अशी मोठी जनुकीय संकेतस्थळे नाहीत, त्यामुळे हा परदेशातला प्रश्न आहे असे वाटू शकते. मला तसे वाटत नाही. एक तर नातेवाईक आता सर्वत्र आहेत: न्यू जर्सीतल्या चुलत भावाने हौसेने लाळेची नळी भरून एखाद्या कंपनीला पाठवली आणि निकाल खुल्या संकेतस्थळावर चढवला, तर सांगलीत राहणारा त्याचा भाऊ कोणालाही न विचारता शोधण्याजोगा होतो. २०१८ मध्ये कॅलिफोर्नियातील जुन्या खुनांचा आरोपी अशाच दूरच्या नातेवाइकांच्या डेटावरून सापडला होता. दुसरे कारण आपल्या समाजरचनेतच आहे. शतकानुशतके जातीत आणि पोटजातीत लग्ने होत आल्यामुळे लहान समाजांचे जीनोम वेगळे ओळखू येतात. दक्षिण आशियातील २६३ गटांचा २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास सांगतो की त्यांपैकी ८१ गटांत ‘संस्थापक परिणाम’ (थोड्याच पूर्वजांपासून वाढल्यामुळे गटातील जीनोममध्ये येणारा सारखेपणा) फिन लोक आणि अश्केनाझी ज्यू यांच्यापेक्षाही तीव्र आहे. त्यात आपली आडनावे गाव सांगतात आणि पुष्कळदा जातही सांगतात.

एक ओळ जवळून पाहू. ‘पुरुष, ३४ वर्षे, तालुका अमुक, समाज अमुक, स्नायूंचा दुर्मीळ आजार, आईवडील नात्यातले.’ यात नाव नाही, पत्ता नाही. तरी त्या तालुक्यातील कोणत्याही आशाताईंना किंवा ग्रामीण रुग्णालयातील परिचारिकेला ही ओळ वाचून दाखवली तर ती घरापर्यंत बोट दाखवील. आणि ‘आईवडील नात्यातले’ हा रकाना काढला तरी उपयोग नाही, कारण मामेबहिणीशी लग्न झालेले असेल तर त्यांच्या अपत्याच्या जीनोममध्ये दोन्ही बाजू सारख्या असलेले लांब पट्टे दिसतात. ते मोजायला दोन मिनिटांची आज्ञावली पुरते. याच फाइलींतून कधीकधी असेही कळते की नोंदीतले वडील जैविक वडील नाहीत. महाराष्ट्रात अशा माहितीने होणारे नुकसान विम्याच्या आधी लग्नाच्या बोलणीत होते: विदर्भात किंवा नंदुरबारकडे मुलगी सिकलसेलची वाहक आहे एवढे फुटले तरी स्थळे येईनाशी होऊ शकतात, मग तिला स्वतःला काही त्रास असो वा नसो.

संमतीपत्र लिहिताना

खरी काळजी येथून सुरू होते, आणि दुर्दैवाने येथेच सर्वांत जास्त नक्कल होते. जुन्या अभ्यासाचे संमतीपत्र उचलायचे, शीर्षक बदलायचे आणि ‘आपली माहिती पूर्णपणे गोपनीय ठेवली जाईल व आपली ओळख कोणालाही कळणार नाही’ हे वाक्य तसेच राहू द्यायचे. हे वचन पाळता येत नाही, म्हणून ते देऊ नये. त्याऐवजी मजकूर असा असावा: ‘आपल्या रक्ताच्या नमुन्यातून मिळणारी जनुकीय माहिती सांकेतिक क्रमांकाखाली ठेवली जाईल. आपले नाव व पत्ता ती वापरणाऱ्या इतर संशोधकांना दिला जाणार नाही. मात्र ही माहिती प्रत्येक माणसाची वेगळी असते आणि रक्ताच्या नातेवाइकांशी जुळते, त्यामुळे कोणी मुद्दाम खटपट केली तर ती आपली किंवा आपल्या घरच्यांची आहे हे ओळखू येण्याची थोडी शक्यता राहते.’ असे लिहिले तर कोणी सहीच करणार नाही, ही भीती ऐकू येते. माझा अनुभव तसा नाही. लोक प्रश्न विचारतात, आणि बहुतेक जण सही करतात.

पुनर्वापराची परवानगी स्वतंत्र मागावी, आणि ‘भविष्यातील सर्व संशोधन’ अशा एका ओळीत गुंडाळू नये. याच आजारावरील अभ्यास, इतर आजारांवरील अभ्यास, लोकसमूहाचा इतिहास किंवा स्थलांतर यांवरील अभ्यास, परदेशी संस्था आणि खासगी कंपन्या अशा पाच वेगळ्या चौकटी ठेवून प्रत्येकीपुढे होय-नाही विचारावे. लोकसमूहाच्या इतिहासाची चौकट वेगळी का, याचे उत्तर अ‍ॅरिझोनातील हावासुपाई जमातीच्या प्रकरणात आहे. १९९० पासून त्यांचे रक्त घेतले गेले ते मधुमेहाच्या अभ्यासासाठी, असे त्या लोकांना वाटत होते. पुढे तेच नमुने स्किझोफ्रेनिया, रक्तसंबंधातील विवाह आणि जमातीचे मूळ स्थलांतर यांच्या अभ्यासांत वापरले गेले, आणि शेवटचा विषय तर त्यांच्या स्वतःच्या उत्पत्तिकथेलाच छेद देणारा होता. २०१० मध्ये विद्यापीठाने ७ लाख डॉलर देऊन तडजोड केली आणि उरलेले रक्त परत केले.

माघारीचे कलम खरे लिहावे. माघारीनंतर माहिती नव्या कोणाला दिली जाणार नाही, मात्र पूर्ण झालेल्या अभ्यासांतून आणि आधीच तयार झालेल्या आकड्यांतून ती बाहेर काढता येणार नाही, हे दोन वाक्यांत सांगता येते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या राष्ट्रीय नैतिक मार्गदर्शक तत्त्वांनुसार सहभागी निरक्षर असेल तर निःपक्ष साक्षीदार लागतो, आणि आदिवासी पाड्यावर पाटलाची किंवा पंचायतीची परवानगी घेतली तरी ती व्यक्तीच्या संमतीची जागा घेत नाही. अंगठा घेण्यापूर्वी मजकूर मोठ्याने, शक्य असल्यास त्यांच्या बोलीत वाचून दाखवावा.

फाइल पाठवण्यापूर्वी

पहिला प्रश्न असा विचारावा की समोरच्याला यातले खरोखर काय लागणार आहे. स्तनाच्या कर्करोगाशी संबंधित दोन जनुकांचा अभ्यास असेल तर संपूर्ण जीनोम कशासाठी द्यायचा? फरकांची यादी, म्हणजे व्हीसीएफ फाइल पुरणार असेल तर मूळ अनुक्रमांच्या बीएएम किंवा फास्टक्यू फाइली देऊ नयेत, कारण वाय गुणसूत्रावरच्या पुनरावृत्त तुकड्यांसह सर्व काही त्यांतून पुन्हा काढता येते. आणि विशिष्ट जनुक लपवायचे असेल तर वॉटसन यांचे उदाहरण आठवून त्याच्या दोन्ही बाजूंचा मोठा पट्टाही वगळावा. आरएनएचा किंवा आतड्यातील जिवाणूंचा डेटा ‘मानवी जनुकीय डेटा नाही’ म्हणून सोडून देण्याची चूक होते: आरएनएच्या वाचनांतही माणसाचे जनुकीय फरक दिसतात, आणि शौचाच्या नमुन्यात रुग्णाचा स्वतःचा डीएनए असतोच. मानवी अनुक्रम वेगळे काढल्याशिवाय तो डेटा खुल्या संग्रहात टाकू नये.

सांकेतिक क्रमांक यादृच्छिक असावेत. ‘पी००१’पासून सुरू होणारा क्रम पुष्कळदा ओपीडीच्या रजिस्टरचाच क्रम असतो, त्यामुळे ज्याने रजिस्टर पाहिले त्याच्यासाठी तो क्रमांक म्हणजे नावच. आद्याक्षरे आणि जन्मवर्ष क्रमांकात घालू नयेत. मोबाइल क्रमांकाचा हॅश (ठरावीक गणिती पद्धतीने काढलेले सांकेतिक रूप) काढून तो सांकेतिक क्रमांक म्हणून वापरण्याची हुशारी मी अनेकदा पाहिली आहे, आणि ती फसवी आहे: भारतातील मोबाइल क्रमांक दहा अंकी असून ६ ते ९ यांपैकी एका अंकाने सुरू होतात, म्हणजे शक्य क्रमांक फार तर ४०० कोटी. त्या सर्वांचे हॅश काढून यादीशी जुळवायला चांगले ग्राफिक्स कार्ड असलेल्या संगणकाला काही मिनिटे पुरतात. आधार क्रमांकाची गोष्ट वेगळी नाही. हॅशच वापरायचा असेल तर गुप्त किल्ली घालून काढावा आणि ती किल्ली डेटासोबत कधीही पाठवू नये. त्यापेक्षा साधा मार्ग म्हणजे यादृच्छिक क्रमांक, आणि नाव-क्रमांकाची जोडयादी वेगळ्या यंत्रावर, एन्क्रिप्ट करून, नेमून दिलेल्या दोनच माणसांच्या ताब्यात.

आता फाइलींच्या आत पाहावे. जीनोमच्या फाइलींना डोके असते, ज्याला हेडर म्हणतात, आणि बहुतेक जण ते कधीच वाचत नाहीत. बीएएम फाइलीच्या हेडरमध्ये ‘आरजी’ने सुरू होणाऱ्या ओळीत नमुन्याचे नाव असते, ‘पीजी’च्या ओळीत फाइल तयार करताना चालवलेली संपूर्ण आज्ञा असते, आणि त्या आज्ञेत फोल्डरचा मार्ग असतो. एकदा आम्ही पाठवायला तयार ठेवलेल्या फाइलींचे हेडर शेवटच्या दिवशी छापून पाहिले, तर नमुन्यांची नावे नीट बदललेली होती, पण मार्गातल्या फोल्डरला कोणीतरी रुग्णाचे आडनाव आणि वॉर्ड यांवरून नाव दिलेले होते, आणि ते प्रत्येक फाइलीत जसेच्या तसे उतरले होते. त्यामुळे प्रत्येक बीएएम सॅमटूल्स या आज्ञावलीने आणि प्रत्येक व्हीसीएफ बीसीएफटूल्स या आज्ञावलीने उघडून हेडर डोळ्यांनी वाचावे, दोन्हींतील ‘रीहेडर’ ही आज्ञा वापरून ते बदलावे आणि बदलल्यावर पुन्हा वाचावे. व्हीसीएफमध्ये नमुन्यांची नावे रकान्यांच्या शीर्षकांत असतात, तर फास्टक्यूमध्ये प्रत्येक वाचनाच्या (यंत्राने वाचलेल्या डीएनएच्या तुकड्याच्या) नावात यंत्राचा, फेरीचा आणि फ्लोसेलचा (नमुने ज्यावर वाचले जातात त्या पट्टीचा) क्रमांक असतो, ज्यावरून नमुना कोणत्या दिवशी यंत्रावर चढला हे प्रयोगशाळेच्या वहीवरून कळू शकते. एक्सेलमध्ये ‘हाइड’ केलेला रकाना काढलेला नसतो; म्हणून एक्सेल न पाठवता साध्या सीएसव्ही स्वरूपात फाइल पाठवावी आणि ती नोटपॅडमध्ये उघडून पाहावी.

रुग्णांविषयीच्या इतर माहितीसाठी नियम सोपे आहेत, ते फक्त चिकाटीने पाळावे लागतात. जन्मतारखेऐवजी पाच वर्षांचे वयोगट द्यावेत आणि ८९ वर्षांपुढील सर्वांना एकाच गटात टाकावे. तपासणीच्या तारखा लागत असतील तर प्रत्येक सहभागीच्या सर्व तारखा एकाच यादृच्छिक दिवससंख्येने सरकवाव्यात, म्हणजे दोन तपासण्यांमधील अंतर कायम राहते आणि खरी तारीख लपते. पिनकोडचे पहिले तीन अंक ठेवावेत, आणि त्या तीन अंकांतही आपल्या अभ्यासातला एकच माणूस असेल तर तेही काढावेत. जात किंवा पोटजात खरोखर लागत नसेल तर देऊच नये. शेवटी वय, लिंग, ठिकाण आणि निदान यांच्या प्रत्येक जोडणीत किती जण येतात हे मोजावे. जेथे पाचपेक्षा कमी येतात तेथे गट आणखी रुंद करावा किंवा ती ओळ वगळावी. असे करताना दुर्मीळ आजारांचा डेटा संशोधकांच्या उपयोगाचा उरत नाही ही अडचण खरी आहे, आणि तिच्यावर डेटा आणखी पुसण्यापेक्षा पुढील उपाय अधिक चांगला आहे.

डेटा कोठे ठेवावा

खुले संकेतस्थळ आणि ईमेल या दोन्हींच्या मधे नियंत्रित प्रवेशाचा मार्ग असतो. भारतात फरिदाबाद येथील इंडियन बायोलॉजिकल डेटा सेंटर हे त्याचे जवळचे ठिकाण. जीनोमइंडिया प्रकल्पात गोळा केलेले १०,००० जीनोम तेथे ठेवलेले आहेत, आणि जानेवारी २०२५ मध्ये तो डेटा संशोधकांसाठी उपलब्ध झाला तोही अर्ज आणि छाननी यांच्या मार्गाने. युरोपात ईजीए आणि अमेरिकेत डीबीगॅप हे संग्रह अनेक वर्षे याच पद्धतीने चालतात: अभ्यासाचे वर्णन सर्वांना दिसते, डेटा मात्र अर्ज मंजूर झालेल्यालाच मिळतो. डेटा ठेवताना संमतीपत्रातल्या चौकटी वापराच्या अटी म्हणून सोबत नोंदवाव्यात, नाहीतर पाच चौकटींचे सारे कष्ट पहिल्या फाइलीबरोबरच वाया जातात.

त्याहूनही चांगले म्हणजे डेटा न हलवता संशोधकाला डेटाकडे बोलावणे. पाच लाख सहभागी असलेल्या यूके बायोबँकेचा जीनोम-डेटा संशोधक क्लाउडवरील बंदिस्त मंचावर तपासतात आणि बाहेर केवळ निष्कर्ष नेतात. मोठ्या संस्थेलाच हे परवडते असे नाही. दोन-तीन रुग्णालये मिळून एकच विश्लेषणाची आज्ञावली आपापल्या संगणकावर चालवून फक्त आकडे एकमेकांना देऊ शकतात, आणि दुर्मीळ आजारांच्या बाबतीत मी हाच मार्ग सुचवीन.

पण ‘फक्त आकडे’ म्हणजे सुरक्षित, असेही नाही. २००८ ची गोष्ट वर सांगितली आहे. गट जितका लहान आणि स्थाने जितकी जास्त, तितका त्यात कोण होते हे काढणे सोपे. पन्नास रुग्णांच्या अभ्यासाची लाखो स्थानांवरची वारंवारिता खुली करू नये. अमेरिकेतील ‘ऑल ऑफ अस’ प्रकल्पात २० किंवा त्याहून कमी सहभागी दर्शवणारा कोणताही आकडा प्रसिद्ध करता येत नाही, ही मर्यादा आपणही घेण्यासारखी आहे. ‘हा फरक तुमच्याकडे आहे का’ एवढ्याच प्रश्नाला होय-नाही उत्तर देणारी बीकन ही सेवा निरुपद्रवी वाटते, तरी हजार जणांच्या बीकनला सुमारे पाच हजार प्रश्न विचारून एखादा माणूस त्यात असल्याचे ओळखता येते, हे २०१५ मध्ये सिद्ध झाले. म्हणून अशा सेवेवर लॉगिन आणि प्रश्नांची मर्यादा हवी.

करार, कायदा आणि त्यानंतर

डेटा घेणाऱ्याशी लेखी करार असावा, मित्राची प्रयोगशाळा असली तरीही. त्यात सहभागींची ओळख पटवण्याचा प्रयत्न करणार नाही, चुकून पटलीच तर कळवू आणि संपर्क करणार नाही, तिसऱ्याला देणार नाही, ठरलेल्या तारखेला सर्व प्रती नष्ट करून तसे लिहून देऊ, ही वाक्ये असावीतच. डेटा वापरणाऱ्या विद्यार्थ्यांची नावे करारात लिहून घ्यावीत. प्राध्यापकांची सही असते आणि फाइल मात्र नोकरी बदललेल्या विद्यार्थ्याच्या लॅपटॉपवर राहते, हे नेहमीचे आहे. फाइल पाठवताना ती जीनोम-फाइलींसाठीच बनवलेल्या क्रिप्ट४जीएच पद्धतीने किंवा घेणाऱ्याच्या सार्वजनिक किल्लीने एन्क्रिप्ट करावी. झिपचा पासवर्ड त्याच ईमेलमध्ये लिहिणे म्हणजे कुलपालाच किल्ली बांधून ठेवणे.

कायद्याच्या बाजूने, डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये संमत झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. जनुकीय डेटाला त्यात वेगळा, अधिक संवेदनशील असा दर्जा नाही. संशोधनासाठी कलम १७ मध्ये सूट आहे, परंतु त्या डेटावरून त्या विशिष्ट व्यक्तीविषयी कोणताही निर्णय घ्यायचा नाही आणि ठरवून दिलेली मानके पाळायची, अशा अटींवर. ‘संशोधनाला कायदा लागू नाही’ असे कोणी बैठकीत ठामपणे म्हणाले तर त्यांना हे कलम उघडून दाखवावे. या सवलतीमुळे संस्थेच्या नैतिकता समितीची मंजुरी टळत नाही, आणि परदेशी संस्थेबरोबरच्या प्रकल्पाला आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीची वाट पाहावी लागते. तिच्यासाठी वेळापत्रकात काही महिने राखून ठेवावेत.

डेटा गेल्यावर काम संपत नाही. कोणाला, कोणत्या तारखेला, कोणती फाइल दिली याची एक वही ठेवावी, फाइलीच्या चेकसमसह (फाइल तीच आहे हे पडताळणाऱ्या आकड्यासह), कारण माघारीचे पत्र येते तेव्हा कोणाकोणाला कळवायचे हे त्या वहीशिवाय सांगता येत नाही. चुकीची फाइल गेल्याचे लक्षात आले तर त्याच दिवशी घेणाऱ्याला ती न उघडण्याची व पुसण्याची लेखी विनंती करावी, नैतिकता समितीला कळवावे आणि कोणते सहभागी त्यात आहेत याची यादी जोडयादीवरून काढावी. ही यादी काढणारा माणूस, त्याचा फोन आणि तो रजेवर असेल तर त्याच्या जागी कोण, हे तीनही तपशील पहिली फाइल पाठवण्याच्या आधी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावेत.